घराण्यातील जुनी बंदूक : ओळख, हाताळणी आणि जबाबदारी

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजेच खंडेनवमीस, घरातील शस्त्रे व अवजारे पूजेस मांडण्याची चाल मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या शेजारी काही घरांत एखादी तलवार असते. आणि काही थोड्या घरांत माळ्यावरून वा भिंतीवरील खुंटीवरून उतरविलेली एक जुनी बंदूक असते. ती पुसली जाते, तिला गंधफूल वाहिले जाते आणि मग ती हातोहाती फिरू लागते. मुले चाप ओढून पाहतात. एखादा पाहुणा नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन आत काय दिसते ते न्याहाळतो. ‘पणजोबांच्या वेळची आहे, केव्हाच निकामी झाली,’ असे म्हणून वडीलधारी मंडळी त्यांस निर्धास्त करतात.

या एका वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. बंदूक जुनी असली की ती रिकामी असते, ही पहिली. आणि बंदूक जुनी असली की तिला परवाना लागत नाही, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे प्राणहानी होऊ शकते, तर दुसरीमुळे निरपराध कुटुंबावर फौजदारी खटल्याचे संकट ओढवू शकते. यास्तव जुनी बंदूक कशी ओळखावी, तिला हात लावण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी आणि तिच्यासंबंधी कायदा काय सांगतो, याची माहिती प्रत्येक ग्रामस्थास, ग्रामसेवकास आणि शिक्षकास असणे आवश्यक आहे.

ही शस्त्रे घरांत आली कशी?

पश्चिम किनारा व दख्खन या प्रदेशांत बंदुकीचा इतिहास चार शतकांहून अधिक जुना आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा येथे बंदुका घडविणारे निष्णात कारागीर आधीपासूनच होते. आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रात या कारागिरांची गणना युरोपातील बोहेमियाच्या नामांकित कारागिरांच्या बरोबरीने केली होती.

पुढे मराठी राज्याच्या विस्ताराबरोबर मराठी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा दूरच्या ठाण्यांत स्थायिक झाली. महादजी शिंदे यांनी १७८४ नंतर द बॉईन या युरोपीय सेनानीकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्यासाठी आग्रा येथे तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. असई व लासवारी येथे १८०३ मध्ये, महिदपूर येथे १८१७ मध्ये आणि महाराजपूर व पनिहार येथे १८४३ मध्ये लढाया झाल्या. फौजा मोडल्या, शिलेदार घरी परतले. त्यांच्यातील काहींची हत्यारेही त्यांच्याबरोबर घरी आली. गोव्यात सत्तरी महालातील राण्यांची १८५२ व १८९५ मधील बंडे प्रसिद्धच आहेत. याखेरीज रानडुकरांपासून भातशेती व बागायती राखण्यासाठी डोंगराळ भागातील शेतकरी ठासणीची बंदूक बाळगीत आले आहेत. अशा नाना वाटांनी आलेली ही शस्त्रे म्हणजे घराण्याच्या आठवणींचा ठेवा होय. परंतु ठेवा म्हणून जपली, तरी ती बंदूकच राहते, हे विसरता कामा नये.

चार प्रकारांची ओळख

बंदुकीचे वय ठरविताना तिच्यावरील नक्षीपेक्षा दारूला आग देण्याची तिची रीत पाहावी. या रीतीवरून जुन्या बंदुकांचे चार प्रमुख प्रकार पडतात. पुढील सर्व खुणा बंदूक न हलविता, केवळ बाजूने पाहूनच ध्यानात येण्यासारख्या आहेत.

पहिला प्रकार तोड्याच्या बंदुकीचा. हिच्यात जळता दोर, म्हणजे तोडा किंवा जामगी, लावून बार काढीत. दस्ता बहुधा सरळ व सडपातळ असतो, नळी जड असते आणि ती धातूच्या वा चामड्याच्या पट्ट्यांनी लाकडास बांधलेली असते. तोडा धरणारा लहानसा दुभंगलेला आकडा दस्त्याच्या खाचेतून वर आलेला दिसतो. नळीच्या बुडाशी उजव्या अंगास रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवण्याची छोटी वाटी असते आणि त्या वाटीतून नळीत जाणारे बारीक छिद्र असते. या छिद्रास कान म्हणतात. भारतात हा प्रकार सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होता; म्हणून केवळ तोड्याची आहे एवढ्यावरून ती शिवकालीन ठरत नाही.

दुसरा प्रकार चकमकीच्या बंदुकीचा. हिच्या उजव्या बाजूस बाहेर मोठा घोडा असतो आणि त्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढताच गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या रंजकावर पडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अशा बंदुकांवर घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर कंपनीची हृदयाकृती मुद्रा किंवा मागाहूनच्या काळातील सिंहाची मुद्रा आढळते. ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजी बंदुकीची नळी ३९ इंच, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असे.

तिसरा प्रकार टोपीच्या बंदुकीचा. येथे गारगोटी व रंजकाची वाटी नसते. नळीच्या बुडाशी एक पोकळ बोंडी असते आणि तिच्यावर तांब्याची छोटी टोपी बसवितात. टोपीत आघाताने पेटणारे स्फोटक द्रव्य असते. घोडा टोपीवर पडला की बार उडतो. ब्रिटिश फौजेने ही रीत १८४० च्या सुमारास स्वीकारली. १८५७ च्या उठावाच्या वेळी जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल याच प्रकारातील होय. तिची काडतुसे कागदी असत व ती तोंडाकडूनच भरावी लागत. शेतीरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकाही बहुतेक टोपीच्याच असतात.

चौथा प्रकार मागून भरावयाच्या, म्हणजे धातूच्या अथवा पुठ्ठ्याच्या काडतुसाच्या बंदुकीचा. हिचा मागील भाग उघडतो किंवा मोडतो. स्नायडर (१८६६) व मार्टिनी-हेन्री (१८७१) या फौजी रायफली आणि शिकारीच्या दुनळी बंदुका या वर्गात येतात. शंभर वर्षांहून जुनी असली, तरी ही बंदूक रचनेने आधुनिक शस्त्राच्या जवळची असते. काही जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. अशा नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून, जोडून केलेल्या असतात. आजच्या जोरकस काडतुसाचा दाब त्यांना पेलत नाही आणि नळी हातातच फुटण्याचा संभव असतो.

एक सूचना येथे करणे अवश्य आहे. नळीवर वा पट्टीवर कोरलेले साल आणि मुद्रा हा अंतिम पुरावा नव्हे. विलायती मुद्रांच्या नकला जुन्या काळापासून होत आल्या आहेत, आणि तोड्याच्या बंदुकीस पुढे टोपीची कळ बसविण्याचा प्रघातही होता. निश्चित कालनिर्णय जाणकाराकडूनच करून घ्यावा.

‘रिकामी’ बंदूक हा भ्रम

पहिल्या तिन्ही प्रकारच्या बंदुका तोंडाकडून भरतात. दारू ओतावयाची, चिंधी वा कागदाचा बोळा घालावयाचा, गोळी किंवा छर्रे सोडावयाचे आणि गजाने ठासावयाचे, अशी ती रीत. यामुळे भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून हुबेहूब सारखी दिसते. शिवाय एकदा ठासलेला बार परत काढणे कष्टाचे असल्याने, रात्री राखणीसाठी भरलेली बंदूक तशीच खुंटीस टांगून ठेवली जाई. ज्याने ती भरली त्याच्या निधनाबरोबर ती गोष्टही विस्मरणात गेली, असे घडणे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७,००० बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि कित्येकांत तर एकावर एक असे दोन वा अधिक बार ठासलेले होते.

इतक्या वर्षांनी दारू मेली असेल, असा तर्क केला जातो. तोही खरा नाही. जुनी काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची असते. यांपैकी कोणताही पदार्थ केवळ काळ लोटल्याने नासत नाही. ओल लागली तर दारू तात्पुरती निकामी होते. पण वाळल्यावर ती पुन्हा पेट घेऊ शकते. न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमधील अठराव्या शतकातील एका तोफेचा गंज जानेवारी २०१३ मध्ये कामगार काढीत असता आत गोळा व सुमारे ८०० ग्रॅम दारू आढळली. ती दारू अजूनही उडण्याजोगी असल्याचे पोलिसांच्या स्फोटकतज्ज्ञांनी सांगितले. ती तोफ कित्येक वर्षे लोकांच्या दृष्टीसमोर प्रदर्शनात होती! भारतातही कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथे जुलै २०१८ मध्ये एका कोरड्या विहिरीत टिपू सुलतानच्या काळातील एक हजाराहून अधिक अग्निबाण सापडले. त्या विहिरीच्या मातीस दारूचा वास येत होता, म्हणूनच तेथे खोदकाम केले गेले.

टोपीच्या बंदुकीत आणखी एक धोका संभवतो. बोंडीवर जुनी टोपी चिकटून राहिलेली असते आणि गंजामुळे ती दिसून येत नाही. घोडा हातातून निसटला, तर तेवढा आघात तिला पुरेसा होतो.

हाताळणीचे नियम

१) प्रत्येक जुनी बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे. ‘आमच्या आजोबांनी ती रिकामी केली होती’ ही आठवण पुरावा म्हणून मानू नये.

२) नळीचे तोंड कोणत्याही माणसाकडे, जनावराकडे वा शेजारच्या घराकडे असू नये. नळीत डोळा घालून पाहू नये व तिच्या तोंडावर हात ठेवू नये.

३) चापास बोट लावू नये. घोडा चढवून वा सोडून पाहू नये. घोडा आधीच चढलेला आढळला, तर तो उतरविण्याचा प्रयत्न न करता बंदूक जागच्या जागी राहू द्यावी आणि खोली बंद करावी.

४) जवळ दिवा, उदबत्ती, विडी वा चुलीची आग असू नये. पूजेच्या वेळी बंदुकीपुढे निरांजन ओवाळण्याची चाल असल्यास, तपासणी होऊन बंदूक रिकामी असल्याचे ठरेपर्यंत ती चाल बंद ठेवावी.

५) लोखंडी गज वा तार नळीत घालून खरवडू नये. गंज सुटावा म्हणून नळी तापविणे हे तर साक्षात मृत्यूस आमंत्रण होय. या कारणास्तव बंदूक गावच्या लोहाराकडे वा भंगारवाल्याकडे मुळीच देऊ नये.

६) बंदुकीबरोबर सापडलेले दारूचे शिंगडे, टोप्यांची डबी, गोळ्या व काडतुसे यांना हात लावू नये. ती उन्हात वाळवू नयेत, विहिरीत टाकू नयेत, जाळूही नयेत. पोलीस ठाण्यास कळवावे.

७) लग्न, वरात वा उत्सव यांत जुन्या बंदुकीचा बार काढू नये. गंजलेल्या नळीचा आतील भाग किती झिजला आहे, हे बाहेरून कोणासही सांगता येत नाही.

नळी रिकामी आहे किंवा नाही हे जाणकार पुढील रीतीने ठरवितो. तो नळीच्या समोर उभा न राहता बाजूस उभा राहतो आणि लाकडी वा बांबूची सरळ काठी हळुवारपणे नळीत सोडून ती किती खोल जाते याची खूण करतो. मग तीच काठी नळीवर बाहेरून धरून ती खूण कानापर्यंत पोहोचते का, हे पाहतो. काठी कानाच्या बरीच अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे. ही माहिती तपासणीचा अर्थ कळावा म्हणून दिली आहे; गृहस्थाने स्वतः हा प्रयोग करू नये. परवानाधारक शस्त्रविक्रेता, शस्त्रदुरुस्ती करणारा कारागीर किंवा पोलीस दलातील शस्त्रागाराचे कर्मचारी यांच्याकडूनच तपासणी करून घ्यावी.

जपणूक

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर आणि तिच्या बाळगण्याचा प्रश्न कायद्याने सुटल्यावर मगच तिच्या जपणुकीचा विचार करावा. विटेची पूड, चिंच, राख किंवा पॉलिश कागद यांनी धातू घासून चकचकीत करणे ही सर्वांत मोठी चूक होय. काळसर तपकिरी रंगाचा जुना थर धातूचे रक्षण करतो. तो घासला की त्याबरोबर सोन्याचांदीच्या तारेचे काम, कोरलेली अक्षरे आणि शिलेखान्याची निशाणीही पुसून जाते. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपावी आणि धातूवर हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल वा गोडे तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते, म्हणून ते वर्ज्य. घामातील क्षाराने गंज चढतो, यास्तव सुती हातमोजे वापरावेत. कोकण व गोव्यासारख्या दमट हवेत बंदूक बाहेरच्या भिंतीस टेकवून ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ३ अन्वये कोणतेही अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. कलम ४५ मध्ये काही अपवाद दिले आहेत, आणि जुन्या बंदुकीसंबंधीचे बहुतेक गैरसमज त्यांपैकी एका अपवादाच्या अर्धवट वाचनातून निर्माण झाले आहेत. जुन्या धर्तीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीस आलेले शस्त्र अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते, एवढाच भाग लोकांच्या स्मरणात असतो. परंतु असे शस्त्र दुरुस्ती करून अथवा दुरुस्तीवाचून अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही त्यातील खरी अट आहे. म्हणजे प्रश्न वयाचा नसून क्षमतेचा आहे. घोडा मोडलेला आहे पण नवा बसविता येतो, अशी दोनशे वर्षांची बंदूकही अपवादात बसेलच असे नाही.

याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतीरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीची बंदूक परवान्यावाचून चालत असती, तर या उल्लेखाचे प्रयोजनच उरले नसते. सबब, आपली बंदूक अपवादात बसते असा निर्णय धन्याने स्वतःच करू नये. परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. हा प्राधिकारी म्हणजे सामान्यतः जिल्हा दंडाधिकारी, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त होय.

वारशाने आलेल्या परवानाधारक बंदुकीसंबंधी शस्त्र नियम, २०१६ मध्ये तरतूद आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर त्याच्या कायदेशीर वारसास परवाना मिळू शकतो. तसेच परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, आणि ही मर्यादा वारशाने आलेल्या शस्त्रांनाही लागू आहे. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

माळ्यावर अनपेक्षितपणे परवान्यावाचूनची बंदूक सापडली, तर ती लपवू नये, विकू नये आणि कापूही नये. नळी कापून आखूड करणे हा कलम ६ अन्वये स्वतंत्र गुन्हा ठरतो. बंदूक पिशवीत घालून स्वतः पोलीस ठाण्यात नेणेही धोक्याचे, कारण ती भरलेली असू शकते. ती कोठे व कशी सापडली हे लिहून पोलीस ठाण्यास अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ते सांगतील त्याप्रमाणे वागावे. पोलीस पाटील, सरपंच वा ग्रामसेवक यांनी अशा प्रसंगी कुटुंबास भय न दाखविता अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. भीतीपोटी नदीत फेकलेली बंदूक उद्या एखाद्या पोराच्या हाती लागू शकते.

याखेरीज, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत येत असल्याने तिची खासगी व्यक्तीस परदेशी निर्यात करता येत नाही. परगावच्या दलालांनी कितीही मोल सांगितले, तरी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नोंद हाच खरा वारसा

बंदूक घरी राहो, शासनाकडे जमा होवो वा संग्रहालयास दिली जावो, तिची हकीकत मात्र घरातून जाऊ नये. ती कोणत्या पूर्वजाकडून आली, तो कोणाच्या पदरी होता, तिच्याविषयी वृद्ध मंडळी काय सांगतात, नळीवर कोणत्या लिपीत काय कोरले आहे, नळीची लांबी किती, यांची नोंद एका वहीत करावी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे तीस जोडावीत. नोंदीवाचून संग्रहालयात गेलेली बंदूक ही केवळ लोखंड व लाकूड असते. नोंदीसह गेलेली बंदूक इतिहासाचे साधन ठरते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या संस्थांतील शस्त्रदालने पाहताना हा फरक सहज लक्षात येतो.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. खंडेनवमीपूर्वीच्या आठवड्यात वर्गात एक तास या विषयास द्यावा. चार प्रकारांची चित्रे फळ्यावर काढावीत, आणि ‘पाहावे, पण हात लावू नये, दिसल्यास मोठ्या माणसास सांगावे’ हा नियम मुलांकडून वदवून घ्यावा. विद्यार्थ्यांनी आजीआजोबांकडून घराण्याची हकीकत लिहून आणावी. बंदूक मात्र शाळेत आणू नये, हे स्पष्टपणे बजवावे.

पूर्वजांच्या शस्त्राची पूजा करणे हा कृतज्ञतेचा भाग आहे. परंतु ज्यांनी ते शस्त्र घराच्या रक्षणासाठी बाळगले, त्यांच्याच पणतवंडास त्यापासून इजा व्हावी, याहून मोठी विटंबना नाही. येत्या खंडेनवमीस बंदूक खुंटीवरून उतरविण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत : ही रिकामी असल्याचे जाणकाराने पाहिले आहे काय? आणि हिच्यासंबंधीचा कागद घरात आहे काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत तिला खुंटीवरच राहू द्यावे आणि फूल तेथेच वाहावे.